चोथा, टरफल आणि रंगाचं पाणी

रंग लपत नाही. लिटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी तो डोळ्यांना दिसतो. पारा, शिसं, आर्सेनिक ओळखायला प्रयोगशाळा लागते. रंगासाठी काठावर उभं राहिलं तरी पुरतं. म्हणून कापडाच्या गावांच्या खालच्या अंगाला नदीची तक्रार सुरू होते ती रंगापासून. इचलकरंजीच्या खाली, पंचगंगेच्या काठची शिरोळ तालुक्यातली माणसं वर्षानुवर्षं हेच सांगत आली आहेत. त्या पाण्यात शहरांचं मैलापाणीही असतं, पण नदी बिघडली हे सर्वांत आधी दाखवून देतो तो रंग.

यात एक धोकाही आहे. रंग काढला की पाणी शुद्ध दिसतं, आणि दिसण्यावर भागवून न्यायचा मोह होतो. कॉफीचा चोथा आणि टरफल वापरून रंगाचं पाणी शुद्ध करण्याविषयीची पुढची टिपणं लिहिताना ही गोष्ट सतत समोर ठेवली आहे.

*

कापडाचा रंग धुण्यात जाऊ नये, उन्हात विटू नये, घामानं उतरू नये म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं मेहनत केली. १८५६ मध्ये विल्यम पर्किननं डांबरापासून जांभळा रंग केला तेव्हापासून हा ध्यास चालू आहे. तो सफल झाला, आणि नेमकी तीच सफलता नदीत अडचण होऊन बसते. जो रेणू उन्हाला आणि साबणाला दाद देत नाही, तो सांडपाण्याच्या टाकीतल्या जिवाणूंनाही सहज दाद देत नाही.

सुती कापडासाठी आज मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हा रंग धाग्याशी रासायनिक बंध जुळवतो. पण टाकलेला सगळा रंग धाग्याला लागत नाही. १० टक्क्यांपासून कधीकधी ४० टक्क्यांपर्यंत रंग पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. म्हणजे गटारात जातो तो विकत आणलेला, पैसे मोजलेला रंगच.

*

कोळसा रंग खेचून घेतो, हे ज्ञान जुनं आहे. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ टार्टरिक आम्लाचे स्फटिक करत होता. द्रावण तपकिरी पडे. त्यात लाकडी कोळशाची पूड घातल्यावर ते स्वच्छ झालं. पुढच्या काही दशकांत युरोपातल्या साखर कारखान्यांनी हाच गुण वापरून साखर पांढरी केली. तिथे हाडांचा कोळसा चालत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राफाएल फॉन ओस्त्रेयको यानं कोळसा वाफेनं किंवा रसायनांनी ‘सक्रिय’ करण्याची पेटंटं घेतली आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा उद्योग उभा राहिला. आपल्या घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो बहुधा नारळाच्या करवंटीचा.

तेव्हा कॉफीच्या बाबतीत नवं काय? तत्त्व नवं नाही. कोळसा कशाचा करायचा, या प्रश्नाचं एक उत्तर नवं आहे: जे आधीच टाकलं जातंय त्याचा.

*

कोळशाच्या आत काय असतं याचा अंदाज आपल्याच मापानं घ्यावा. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅमचं आतलं पृष्ठफळ १,००० चौरस मीटरच्या घरात असतं. म्हणजे साधारण १० गुंठे. चिमूटभर काळ्या पुडीत १० गुंठे जमीन दुमडून ठेवलेली आहे, आणि रंगाचे रेणू येऊन त्या जमिनीवर बसतात. आत मुरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

पण सगळी जमीन रंगाला मोकळी नसते. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत मोठ्या रेणूचा रंग शिरूच शकत नाही. पृष्ठफळाचा आकडा मोठा आहे एवढ्यावर भाळू नये. दार केवढं आहे तेही विचारावं.

*

कॉफीचा चोथा न जाळताही रंग धरतो. त्याचा मोठा भाग हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निनचा. शिवाय प्रथिनं आणि तेल. या रेणूंवर हायड्रॉक्सिल आणि कार्बॉक्सिल गट असतात. साध्या पाण्यात त्यांच्यामुळे चोथ्याच्या कणांवर ऋण भार येतो, आणि धन भाराचा रंग त्यांच्याकडे ओढला जातो.

हे घरीही पाहता येतं. फिश टँकच्या दुकानात मिथिलीन ब्लूची बाटली मिळते. माशांच्या बुरशीवर ते औषध म्हणून वापरतात. पाण्याच्या बरणीत त्याचा थेंब टाकावा आणि फिल्टर कॉफीचा धुऊन वाळवलेला चोथा चमचाभर घालून हलवत राहावं. निळा रंग हळूहळू उतरत जातो. मी ते पाहिलं आहे, आणि लहान मुलांना दाखवावं इतकं ते सुंदर आहे. चोथा मात्र आधी चांगला उकळून धुवावा लागतो. न धुतलेला टाकला तर त्याचा स्वतःचा तपकिरी अर्क पाण्यात उतरतो. कारखान्यातही हीच अट लागू आहे: शुद्ध करणाऱ्यानं पाण्यात आपलं काही सोडता कामा नये.

*

मिथिलीन ब्लू हा प्रयोगशाळांचा लाडका रंग. १८७६ मध्ये बीएएसएफ कंपनीत हाइनरिश कारोनं तो तयार केला. १८९१ मध्ये पाउल एर्लिखनं तो हिवतापावर वापरून पाहिला. स्वस्त, मोजायला सोपा, आणि धन भाराचा. म्हणून कॉफी असो, केळीची साल असो की भुईमुगाचं टरफल, शोधनिबंधात पहिली परीक्षा मिथिलीन ब्लूचीच होते.

आपल्या सुती कापडाच्या सांडपाण्यातले रिॲक्टिव्ह रंग मात्र ऋण भाराचे असतात. कच्चा चोथा त्यांना जवळ करत नाही. पाण्यात आम्ल घालून सामू उतरवला किंवा चोथ्याचा पृष्ठभाग रसायनांनी बदलला तर ते बसतात. पण मग आम्लाचा खर्च आला, आणि नंतर ते आम्ल मारण्याचाही. म्हणून कॉफीच्या पदार्थानं ९५ टक्के रंग काढला असं कुठे वाचलं की पहिला प्रश्न हा विचारावा: कोणता रंग?

*

ब्राझीलच्या मिनास झेराइस राज्यात त्या देशाची जवळपास निम्मी कॉफी पिकते. तिथे फळ बहुतांशी झाडावरून काढून तसंच उन्हात वाळवतात आणि मग टरफल काढतात. किलोभर बियांमागे साधारण किलोभर टरफल निघतं. राज्याची राजधानी बेलो ओरिझोंचीच्या संघीय विद्यापीठात लेआंद्रो ऑलिव्हेरा आणि आद्रियाना फ्रांका यांच्या गटानं हे टरफल आणि चोथा दोन्ही मिथिलीन ब्लूवर तपासले. कच्च्या टरफलानं ग्रॅममागे सुमारे ९० मिलिग्रॅम रंग धरला (२००८), तर कच्च्या चोथ्यानं सुमारे १८.७ (२००९).

हे आकडे मला फार बोलके वाटतात. बातमी नेहमी चोथ्याची होते, कारण कप आपल्या हातात असतो. टरफल शहरात कोणी पाहिलेलं नसतं. आणि कामाला जास्त येतं ते टरफल.

*

भारताची सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात होते. कोडगू, चिक्कमगळूरू, हासन. यातली बहुतेक कॉफी परदेशी जाते. म्हणजे आपल्या कॉफीचा चोथा पडतो तो इटलीत, जर्मनीत, रशियात. मागे उरतो तो गर आणि टरफल.

देशात चोथा एकगठ्ठा सापडतो तो इन्स्टंट कॉफीच्या कारखान्यांत. पण तिथे तो वाया जात नाही. असे कारखाने तो वाळवून बॉयलरमध्ये जाळतात आणि वाफ करतात. तो मागायचा तर त्यांना दुसरं इंधन द्यावं लागेल. उरतो तो उपाहारगृहांचा आणि घरांचा चोथा: ओला, विखुरलेला, उरलेल्या अन्नात मिसळलेला.

टरफलाची गोष्ट वेगळी. रोबस्टा जातीच्या कॉफीची फळं खळ्यावर वाळवून पोत्यांतून क्युअरिंग वर्क्सला, म्हणजे टरफल काढणाऱ्या कारखान्याला, जातात, आणि टरफल तिथेच, एका छताखाली, कोरडं निघतं. गोळा करायचं नाही, वाळवायचं नाही. भारतात कॉफीच्या टाकाऊ मालातून पाणी शुद्ध करायचा विचार करायचा तर सुरुवात कपापासून न करता या छताखाली करावी, असं माझं ठाम मत होत गेलं आहे.

टरफलालाही आज वापर आहेच. ते जळणात जातं आणि खतात जातं. त्यात पालाश भरपूर असतं. बागेतून टरफल उचललं की तेवढं पालाश बागेला बाहेरून द्यावं लागेल. ‘टाकाऊ’ म्हणून फुकट समजलेल्या गोष्टीची ही खरी किंमत आहे, आणि ती हिशेबात धरायला हवी.

*

जरा हिशेब मांडू.

एक टन सुती कापड रंगवायला आणि धुवायला सुमारे एक लाख लिटर पाणी लागतं असं धरू. त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम रंग उरला, तर एकूण ५ किलो रंग.

कच्चा चोथा ग्रॅममागे १८.७ मिलिग्रॅम धरतो: लागेल सुमारे २६७ किलो, वाळलेला. एका कपाला १५ ग्रॅम कॉफी आणि दिवसाला ३०० कप विकणारं दुकान धरलं तर साधारण ६० दुकानांचा दिवसभराचा चोथा. तो एक टन कापडासाठी.

कच्चं टरफल ग्रॅममागे ९० धरतं: लागेल सुमारे ५५ किलो.

ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम धरणारा चांगला ॲक्टिव्हेटेड कार्बन: लागेल सुमारे १७ किलो. पण कोळसा करताना वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपासच हाती लागतं. १७ किलो कार्बनसाठी पुन्हा ५५ किलोच टरफल लागलं!

म्हणजे भट्टी लावून कच्च्या मालात काही वाचलं नाही. वाचलं ते दुसरीकडे: काम झाल्यावर ५५ किलोऐवजी १७ किलो रंगलेला माल उचलावा लागतो, तो तापवून पुन्हा वापरता येतो, आणि जो रंग कच्च्या टरफलाला बसत नाही तोही धरता येतो. भट्टीचा खर्च या तीन फायद्यांशी ताडून पाहायचा.

यातले आकडे प्रयोगशाळेतले, एकट्या रंगाच्या स्वच्छ द्रावणातले आहेत, आणि चोथ्या-टरफलाचे आकडे मिथिलीन ब्लूचे आहेत, रिॲक्टिव्ह रंगाचे नव्हेत. कारखान्याच्या पाण्यात मीठ, साबण, सायझिंगची खळ, मेण सगळंच असतं आणि ते सगळे त्याच १० गुंठ्यांसाठी भांडतात. प्रत्यक्षात माल जास्तच लागणार.

*

ओला चोथा फार वेळ थांबत नाही. त्यात निम्म्याहून जास्त पाणी. दोन-चार दिवसांत बुरशी धरतो. वाळवायला इंधन जाळलं तर पर्यावरणाच्या नावानं धूरच केला. ऊन हा आपल्याकडचा उपाय आहे, पण पावसाळ्याचे महिने तो हाताशी नसतो.

दुसरी वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बर्गियुसनं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवली: ओला माल बंद भांड्यात, दाबाखाली, १८० ते २५० अंशांवर शिजवायचा. वाळवावं न लागता त्याचा कोळशासारखा पदार्थ होतो. चोथ्यावर हे प्रयोग जगभर चालू आहेत. मात्र भांड्यात मागे उरलेलं तपकिरी पाणी सेंद्रिय पदार्थांनी गच्च भरलेलं असतं आणि त्याचीही वेगळी प्रक्रिया करावी लागते.

*

कोळसा सक्रिय करायचे मार्ग: वाफ, कार्बन डायऑक्साइड, फॉस्फरिक आम्ल, झिंक क्लोराइड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. रसायनांनी छिद्रं छान पडतात आणि निबंधात आकडा मोठा येतो. पण नंतर ती रसायनं धुऊन काढावी लागतात. जस्ताचं ते धुण्याचं पाणी कुठे सोडलं? नदी वाचवायला केलेल्या पदार्थानं कारखान्यामागचा ओढा नासवला तर आपण फक्त गाव बदललं. मला वाफेनं सक्रिय केलेला, आकड्यात थोडा मागे राहिलेला कोळसा जास्त आदरणीय वाटतो.

*

पूड पाण्यात टाकणं सोपं. परत काढणं अवघड. बारीक कण गाळणी तुंबवतात. यावर दोन चांगले उपाय झाले आहेत.

एक, जेनोआच्या इटालियन तंत्रज्ञान संस्थेतला. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी ६० टक्के चोथा आणि ४० टक्के सिलिकॉन रबर मिळून स्पंजासारखा फेस तयार केला. स्थिर पाण्यातलं ९९ टक्के शिसं आणि पारा त्यानं ३० तासांत काढला. तो धातूंसाठी होता, पण कल्पना रंगालाही लागू पडते: पुडीला अंग द्यायचं, म्हणजे ती हातानं उचलता येते.

दुसरा, लोहचुंबकाचा. कोळशावर मॅग्नेटाइटचे बारीक कण बसवायचे. काम झाल्यावर चुंबकानं सगळा माल ओढून घ्यायचा.

*

तिरुप्पूर, कापडाचं गाव. तिथल्या नोय्यल नदीवर ओरातुपाळयमचं धरण १९९२ मध्ये शेतीसाठी झालं आणि रंगखान्यांच्या पाण्यानं भरलं. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं शेकडो रंगखाने बंद करायला लावले. बाहेर एक थेंबही सोडायचा नाही, ही अट घट्ट झाली.

तिथल्या शेतकऱ्याचं सर्वांत मोठं नुकसान केलं ते मिठानं. रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर ढकलायला लिटरमागे ४० ते ८० ग्रॅम मीठ घालतात. ते सगळं पाण्यात राहतं, विहिरीत उतरतं, जमीन खारावते. कॉफीचा कोळसा मिठाला हात लावत नाही. त्यातून गेलेलं पाणी काचेसारखं दिसेल आणि तरी पिकाला मारेल. आपल्या २०१६ च्या मानकांत कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी रंगाची मर्यादा आहे, तशी विरघळलेल्या क्षारांचीही वेगळी आहे: लिटरमागे २,१०० मिलिग्रॅम. कायद्यानं या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या ते बरं केलं.

*

ऑगस्ट २०१७. तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी कुत्री दिसली. कासाडी नदीच्या परिसरात एका कारखान्याचा निळा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. छायाचित्रं जगभर गेली. प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारवाई केली. मुक्या जनावरांच्या अंगावर रंग चढला तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्या नदीत जाळी टाकणारे कोळी त्याआधीही बोलतच होते.

*

आता मुख्य प्रश्न. पाण्यातून निघालेला रंग गेला कुठे?

कोळशावर. अधिशोषणात रंग नष्ट होत नाही. त्यानं जागा बदलली. रंगलेला चोथा उकिरड्यावर टाकला तर पहिल्या पावसात त्यातला काही रंग पुन्हा वाटेला लागतो. खड्ड्यातही धोका आहे. अनेक ॲझो रंग हवेशिवाय कुजताना तुटतात आणि त्यातून ॲरोमॅटिक अमाइनं निघतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण होणारी म्हणून ओळखलेली आहेत, आणि त्याच कारणानं जर्मनीनं १९९४ मध्ये असे रंग कपड्यांतून हद्दपार केले.

तीन प्रामाणिक शेवट संभवतात. एक, माल तापवून रंग जाळायचा आणि कोळसा पुन्हा वापरायचा. दोन, सिमेंटच्या भट्टीत द्यायचा; तिथलं तापमान इतकं असतं की सेंद्रिय रेणू टिकत नाही. तीन, रंग कोळशावर असतानाच मोडायचा.

तिसरा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १८९४ मध्ये हेन्री फेंटननं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोरदार अभिक्रिया नोंदवली. तिच्यातून निघणारे मूलक रंगाचा रेणू फोडतात. कॉफीत पॉलिफेनॉलं असतात, आणि ती लोहाला पुन्हा त्याच्या कामाच्या रूपात आणून ठेवतात. जपानमध्ये लोह आणि कॉफी-चहाची पॉलिफेनॉलं मिळून मिथिलीन ब्लू मोडण्याचे प्रयोग झाले आहेत. इथे कॉफी फक्त पकडून ठेवत नाही, तोडायलाही मदत करते. पेरॉक्साइडचा खर्च आहे. पण रंगाचा प्रवास इथे संपू शकतो.

*

हा कोळसा मोठ्या सामायिक प्रक्रिया केंद्राची जागा घेणार नाही. तिथे चुना, फेरस सल्फेट, जिवाणूंच्या टाक्या, पडदे हे सगळं लागतच राहील. त्याची जागा मला दोन ठिकाणी दिसते. मोठ्या केंद्रात अगदी शेवटी, मर्यादेच्या थोडा वर राहिलेला रंग उतरवायला. आणि लहान माणसाकडे: घरामागे हातमागाचं सूत रंगवणारा, ठसे मारणारा, ज्याला मोठं यंत्र परवडत नाही आणि ज्याचं पाणी दिवसाला काही पिंपं असतं.

पण त्याला पुडीचं पाकीट देऊन सोडलं तर ते काम अर्धं राहील. रंगलेला माल परत घेणारा कोणी हवा, ठरलेल्या दिवशी येणारा, आणि तो माल भट्टीपर्यंत पोहोचवणारा. क्युअरिंग वर्क्स, कोळसा करणारा, रंगारी आणि भट्टी हे चार जण एका साखळीत बांधणं हेच खरं संशोधन उरलं आहे. त्यात रसायनाइतकीच सहकारी संस्था लागते, आणि संस्था उभ्या करणं आपल्या भागाला ठाऊक आहे. दूध आणि साखर आपण तशीच गोळा केली.

*

या विषयावरचा कोणताही नवा शोध समोर आला की पाच प्रश्न विचारायचे ठरवलं आहे. रंग कोणता होता? पाणी कारखान्याचं होतं की नळाचं? माल कोरडा कसा केला? सक्रिय करायला काय वापरलं आणि ते कुठे धुतलं? रंगलेला माल शेवटी कुठे गेला?

पाचही उत्तरं देणारं काम थोडं असेल, पण नदीकाठच्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल ते तेवढंच. विद्यापीठांतल्या मुलामुलींनी मिथिलीन ब्लूची परीक्षा झाल्यावर थांबू नये. जवळच्या रंगखान्यातून कॅनभर पाणी आणावं आणि तिथून पुढे सुरुवात करावी.